फॉग लॅम्पचा रंग आणि कायदा: या चुका टाळा

पावसाळ्यात वाईहून पसरणी घाट चढताना भरदुपारी समोरचं वळण दिसत नाही. सांगलीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे कृष्णाकाठी धुकं उतरतं, त्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली पुढ्यात उभी असते. त्यामुळे आपल्याकडे फॉग लॅम्प ही नुसती हौस नाही. घोटाळा होतो तो अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. गिऱ्हाईक रंग बघून दिवा घेतो आणि बाकी सगळं दुकानदारावर सोडतो.

रंगाचा नियम अगदी छोटा आहे. पुढच्या फॉग लॅम्पला पांढरा किंवा पिवळा, मागच्याला लाल. दिवे कसे बसवायचे ते एआयएस-००८ या वाहनांसाठीच्या भारतीय मानकात आहे आणि त्यात पुढच्या फॉगसाठी तिसरा रंग नाही. निळा, हिरवा, जांभळा, रिमोटवर बदलणारा, सगळे बाद. पिवळा म्हणजे लिंबाकडे झुकणारा पिवळा. ‘गोल्डन’ म्हणून विकली जाणारी काही फिल्म आणि बल्ब सरळ नारिंगी प्रकाश देतात. नारिंगी हा इंडिकेटरचा रंग आहे, तो फॉगला चालत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०८ आणखी स्पष्ट आहे: पुढच्या बाजूला लाल प्रकाश दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. इंडिकेटर, रिव्हर्सचा पांढरा दिवा आणि नंबर प्लेटचा दिवा यांना सूट आहे. म्हणजे ग्रिलमागे लावलेले लाल ‘डेव्हिल आय’ आणि मागच्या बंपरखालची पांढरी किंवा निळी पट्टी, दोन्ही बेकायदा. निळ्या आणि जांभळ्याचा धोका वेगळाच. हे रंग पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकेच्या दिव्यांशी जोडलेले आहेत, त्यामुळे नाक्यावर नजर आधी तिकडेच जाते.

तीन रंगांचा एलईडी बल्ब

सध्या सर्वांत जास्त खपणारा आणि सर्वांत जास्त डोकेदुखी देणारा प्रकार हाच. स्विच पटकन बंद-चालू केला की पांढरा, पिवळा, मग मधला रंग, काहींत चौथ्या वेळी फ्लॅशिंग. पांढरा आणि पिवळा हे दोन्ही रंग कायद्यात बसतात, पण जोडीतले दोन्ही दिवे एकाच रंगाचे हवेत. इथेच गाडी अडते. प्रत्येक बल्बचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची वीज सांभाळणारं सर्किट, स्वतंत्र असतो. एका कपलरमध्ये (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) पिन सैल असली, तर घाटातल्या खड्ड्यात त्या बल्बचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि तो एक पायरी पुढे सरकतो. मग डावा पिवळा, उजवा पांढरा. स्विच काही सेकंद बंद ठेवून परत लावा. बरेच बल्ब पहिल्या रंगावर येतात. तरी जोडी फुटत असेल तर कपलरच्या पिना घासून घट्ट करा, बल्ब बदलून उपयोग नाही. फ्लॅशिंग असलेला बल्ब मात्र घेऊच नका.

रंग बरोबर, दिवा चूक

आमच्या मते रंगापेक्षा मोठा गुन्हा हा आहे. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये (दिव्यातल्या चकचकीत वाटीत) एलईडी घातला की चिपची जागा फिलामेंटच्या, म्हणजे हॅलोजनमधल्या तारेच्या, जागेशी तंतोतंत जुळत नाही. प्रकाशाची वरची सरळ कड फुटते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत इतका खाली वळलेला हवा की ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपू नये. पांढरा असो वा पिवळा, डोळ्यात जाणारा दिवा बेकायदाच.

हॅलोजनमध्येही वॅटची गफलत होते. एच८ प्रकारचा बल्ब म्हणजे ३५ वॅट, एच११ म्हणजे ५५, एच१६ म्हणजे १९. तोंडवळा जवळपास सारखा, म्हणून काही जण खाच घासून ५५ चा बल्ब लहान दिव्यात बसवतात. काही दिवसांत रिफ्लेक्टर तपकिरी पडतो, कपलर वितळतो. दिव्याच्या मागे बल्बचा प्रकार छापलेला असतो, तोच घाला. काचेवर गोलातला ‘ई’ आणि जवळ ‘बी’ किंवा ‘एफ३’ अशी खूण असेल, तर तो फॉग लॅम्प म्हणून तपासलेला दिवा आहे.

झोत तपासायला भिंत पुरते. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर लावा. चारही टायरमध्ये हवा बरोबर आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा आणि त्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. प्रकाशाची वरची कड दुसऱ्या रेघेवर किंवा तिच्या खाली हवी. स्क्रू फिरवूनही कड दिसतच नसेल, तर बल्ब चुकीचा आहे.

दिवा बसवायची उंची कारमध्ये २५ ते ८० सेंटिमीटर, आणि डिपरच्या (हेडलाइटच्या खालच्या झोताच्या दिव्याच्या) वर कधीच नाही. टपावरचा एलईडी बार किंवा स्पॉटलाइट नियम १११ खाली येतो. नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तो लावता येत नाही.

पिवळा धुकं कापतो?

नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग नसल्याने डोळ्यांना त्रास कमी वाटतो, इतकंच. खरं काम दिव्याची कमी उंची आणि आडवा, चपटा झोत करतो. पांढऱ्या काचेवर जाड पिवळी फिल्म लावली तर प्रकाशच कमी होतो.

वायरिंग

डिपरच्या वायरीला टोचून जोड दिला तर नव्या गाड्यांत एरर येतो, कधी कंट्रोल युनिटच जातं, आणि वॉरंटीवर वाद होतो. ५५ वॅटच्या दोन दिव्यांना सुमारे ९ अँपिअर लागतात. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिले (छोट्या स्विचवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा डबा). रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थिंग, ८६ ला स्विच. स्विचचा पुरवठा पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे दिवा चुकून रात्रभर राहत नाही.

धुकं गेलं, दिवा चालूच

मागचा लाल फॉग साध्या टेललाइटपेक्षा कितीतरी प्रखर असतो. खंबाटकी घाटात पाऊस थांबल्यावरही तो चालू राहिला, तर मागच्याला ब्रेक कधी लागला ते कळत नाही. एकच फॉग असेल तर आपल्याकडे तो उजव्या बाजूला असतो. डावा पेटत नाही म्हणून गॅरेज गाठू नका. आणि चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, त्याने वळण्याचा इंडिकेटर दाखवता येत नाही.

दंडाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट वाचा. निळा फॉग, टपावरचा बार आणि मागची पट्टी म्हणजे तीन बदल. म्हणून मूळ बल्ब, कव्हर आणि कपलर जपून ठेवा. काढून टाकायची वेळ आली तर गाडी पूर्ववत करणं अर्ध्या तासाचं काम असतं.