कसारा घाट आणि ओव्हरड्राइव्हचे बटण

चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरच्या दांड्यावर, अंगठ्याच्या टप्प्यात, एक छोटे बटण असते आणि ते दाबले की समोर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद झाला, हे उलटे गणित आधी पक्के करावे. कारण वापरलेली गाडी घेऊन महिनोन्महिने तो दिवा लावूनच फिरणारे आणि वर ॲव्हरेज मिळत नाही म्हणून हळहळणारे गृहस्थ काही कमी नाहीत.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे सर्वांत वरचा गिअर. त्याचे गुणोत्तर साधारण ०.७ असते, म्हणजे ज्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला ३,००० फेरे घ्यावे लागतात, त्याच वेगाला येथे २,१०० फेऱ्यांत भागते. त्यामुळे नाशिकहून घोटीकडे जाणाऱ्या मोकळ्या महामार्गावर तो चालूच असावा. द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी त्या गिअरपर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा तेथे बटणाचा विचार करण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न इगतपुरीनंतर येतो. मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरायचा असतो आणि ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन गाडीला फारसे रोखून धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर पडतो आणि पाय सतत ब्रेकवर राहिला तर ते तापून त्यांची पकड सुटू लागते. म्हणून उतार लागण्याआधीच बटण दाबावे. इंजिनाचा आवाज वाढेल, त्याने घाबरू नये. तेवढ्याने वेग आवरला नाही, तर आधी ब्रेकने वेग उतरवून मगच दांडा ‘२’वर घ्यावा.

परतीच्या चढावर लक्षण वेगळे दिसते. गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली आणि एसी चालू असला की चौथा गिअर पेलत नाही. गाडी तिसऱ्यात उतरते, जरा वेग आला की चौथ्यात जाते आणि पुन्हा उतरते. टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा असा झोके घेऊ लागला की ओव्हरड्राइव्ह बंद करावा, नाहीतर या अदलाबदलीत गिअरबॉक्सचे तेल उगाच तापते. चढ संपताच तो पुन्हा चालू करावा. ओव्हरटेक करण्यासाठी मात्र बटणाची गरज नसते; ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी स्वतःच खालचा गिअर घेते.

बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की ओव्हरड्राइव्ह आपोआप चालू होतो. घाट उतरण्याआधी इगतपुरीला चहासाठी थांबणार असाल, तर बटण चहानंतर दाबावे.