बोर्ड ऑफ हेल्थपुढे सेप्टिकची व्हेरियन्स मागायला जाताय? आधी ही तयारी करा

मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकवालं घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. सडबरी, कार्लाइलसारख्या गावांत गटाराची लाइनच नाही, घरातलं सगळं सांडपाणी आपल्याच अंगणातल्या टाकीत आणि तिथून लीच फील्डमध्ये, म्हणजे ते जमिनीत जिरवणाऱ्या भागात, जातं, आणि त्यात काही बदल करायचा असेल तर गावाच्या बोर्ड ऑफ हेल्थपुढे, म्हणजे आरोग्य मंडळापुढे, उभं राहावं लागतं. तो बदल नियमात बसत नसेल तर व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागावी लागते. आमची पहिली हिअरिंग पुढच्या मीटिंगवर ढकलली गेली. प्लॅन बरोबर होता, इंजिनिअर चांगला होता, फक्त शेजाऱ्यांना नोटीस नीट गेली नव्हती. म्हणून ते आधीच सांगून टाकते आणि मधेमधे परत सांगणार आहे: शेजाऱ्यांना नोटीस सर्टिफाइड मेलनेच, म्हणजे पाठवल्याची पावती मिळणाऱ्या टपालाने, पाठवायची, मीटिंगच्या किमान १० दिवस आधी.

आधी समोर कोण बसतं ते समजून घ्या. बहुतेक गावांत बोर्डावर तीन माणसं असतात, बऱ्याच ठिकाणी निवडून आलेली, दिवसा आपापली कामं करून संध्याकाळी मीटिंगला येणारी. पण अधिकार मोठे आहेत. राज्याच्या कायद्याच्या १११व्या प्रकरणातलं ३१वं कलम त्यांना गावापुरते आरोग्याचे नियम करायची मुभा देतं, म्हणजे राज्याच्या नियमापेक्षा तुमच्या गावाचा नियम कडक असू शकतो. विहिरी, सेप्टिक, भाड्याच्या घरांची स्थिती, हे सगळं त्यांच्याकडे. शेत तोडून प्लॉट पाडायचे असतील तर तो नकाशाही त्यांच्याकडे जातो आणि ४५ दिवसांत त्यांनी मत द्यायचं असतं. ही परंपरा जुनी आहे, बॉस्टनच्या बोर्ड ऑफ हेल्थचा पहिला अध्यक्ष पॉल रिव्हिअर होता, १७९९ साली. तेव्हा "एवढ्याशा गावाचं बोर्ड, काय करतील" असा विचार मनातसुद्धा आणू नका.

आता कागद. पहिलं काम म्हणजे हेल्थ ऑफिसच्या काउंटरवर जाऊन स्वतःच्या घराची फाइल मागा. जुनं परमिट, अॅज-बिल्ट नकाशा (प्रत्यक्षात जसं बांधलं तसा काढलेला), आधीचे इन्स्पेक्शन रिपोर्ट, टाकी कधी उपसली त्याच्या नोंदी. घर घेताना रिअल्टरने सांगितलेलं "फोर बेडरूम" आणि परमिटवर लिहिलेलं यात फरक असू शकतो, आणि बोर्ड परमिटवरचंच मानतं.

बेडरूमचा हिशोब नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांची निम्मी प्रकरणं इथेच सुरू होतात. आई-बाबा सहा महिने येणार म्हणून बेसमेंटमध्ये खोली काढायची असते. राज्याचा सेप्टिकचा कोड, ज्याला सगळे टायटल फाइव्ह म्हणतात, तो माणसं मोजत नाही, बेडरूम मोजतो, दर बेडरूमला दिवसाला ११० गॅलन सांडपाणी. तीन बेडरूमचं घर म्हणजे ३३० गॅलन. आणि नकाशावर "ऑफिस" किंवा "पूजेची खोली" लिहिलं म्हणून ती बेडरूम होत नाही असं नाही. ७० चौरस फूट जागा, खिडकी, वीज, हवा, पुरेशी उंची आणि दार लावून झोपता येईल असा आडोसा असेल तर तुम्ही खोलीला दिलेल्या नावाने काही फरक पडत नाही. शिवाय घरात एकूण खोल्या ८ पेक्षा जास्त झाल्या (बाथरूम, पॅसेज, फिनिश न केलेलं तळघर वगैरे सोडून) तर त्या संख्येला २ ने भागतात, अपूर्णांक सोडून देतात आणि तेवढ्या बेडरूम धरतात. ११ खोल्या असतील तर ५ बेडरूम, मग तुम्ही तीनमध्येच झोपत असलात तरी. यातून सुटायला डीड रिस्ट्रिक्शन हा मार्ग असतो, म्हणजे या घरात इतक्याच बेडरूम राहतील असं रजिस्ट्रीत, म्हणजे घर-जमिनीचे कागद नोंदवतात तिथे, कायमचं नोंदवायचं. घर विकताना ते आड येऊ शकतं, सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

एक मोठा गैरसमज. २०२५च्या फेब्रुवारीपासून एकेका कुटुंबाच्या घरांच्या झोनमध्ये ९०० चौरस फुटांपर्यंतचं जोडघर झोनिंगची खास परवानगी न घेता बांधता येतं, बरोबर आहे, पण ती सूट झोनिंगची. सेप्टिकला ती लागू नाही. सिस्टिमच्या मंजूर क्षमतेपेक्षा पाणी वाढणार असेल तर टायटल फाइव्ह त्याला नवं बांधकामच मानतो आणि तिथे सवलती फार कमी. बिघडलेली जुनी सिस्टिम बदलायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लोकल अपग्रेड अप्रूव्हल नावाचा थोडा सोपा रस्ता आहे. तुमचं प्रकरण यातलं कुठलं, हे इंजिनिअरकडून पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्या.

आणि सोपा रस्ता असला तरी शेजारी सुटत नाहीत! अपग्रेडमध्ये हद्दीपासूनचं किंवा शेजारच्या विहिरीपासूनचं अंतर कमी करायचं असेल तर ज्यांना त्याची झळ लागते त्या शेजाऱ्यांना तिथेही सर्टिफाइड मेल, तिथेही १० दिवस आधी. अर्जासोबत त्याचा पुरावा जोडावा लागतो.

मातीची तपासणी. लायसन्सवाला सॉइल इव्हॅल्युएटर लागतो आणि बोर्डाचा माणूस साक्षीला हजर हवा, त्यामुळे दोघांची तारीख जुळवणं हेच मोठं काम. काही गावांत हे ठरावीक महिन्यांतच करू देतात, म्हणून आधी विचारा. त्या दिवशी जमलं तर स्वतः हजर राहा. मशीनने माणूस मावेल एवढा खोल खड्डा घेतात, इव्हॅल्युएटर खड्ड्याची भिंत सुरीने खरवडत जातो आणि मातीत करड्यावर गंजासारखे नारिंगी ठिपके कुठे सुरू होतात ते बघतो. वसंतात भूजल तिथपर्यंत चढतं. खड्डा त्या दिवशी कोरडा ठणठणीत असला तरी ठिपके जे सांगतात ते धरायचं. लीच फील्डचा तळ त्या पातळीच्या ४ फूट वर हवा, आणि पाणी फारच भराभर जिरत असेल, इंचाला २ मिनिटं किंवा त्याहून कमी, तर ५ फूट. रेताड जमिनीत पाणी झटकन उतरतं म्हणून लोक खूश होतात, पण मग ते गाळलं जायला वेळच मिळत नाही. पर्क टेस्टमध्ये नेमकं हेच मोजतात, खड्ड्यात पाणी भरून जमीन भिजवतात आणि मग पातळी ९ इंचावरून ६ इंचावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघतात.

नकाशावर अंतरं स्पष्ट दिसली पाहिजेत. पिण्याच्या विहिरीपासून लीच फील्ड १०० फूट, टाकी ५० फूट. हद्दीपासून १० फूट. तळघराच्या भिंतीपासून फील्ड २० फूट. शेजाऱ्यांच्या विहिरीही नकाशावर हव्यात, नुसती तुमची नको. पाणथळ जमीन १०० फुटांच्या आत असेल तर कन्झर्व्हेशन कमिशनकडे, म्हणजे पाणथळ जागा सांभाळणाऱ्या गावाच्या मंडळाकडे, वेगळा अर्ज, वेगळी हिअरिंग, आणि त्यांची नोटीसही वेगळी. एकाची नोटीस दुसऱ्याला चालेल असं धरू नका.

व्हेरियन्सच्या अर्जात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नियम जसाच्या तसा लावला तर तुमच्यावर उघड अन्याय होईल, ही एक. नियम शिथिल करूनही पर्यावरणाचं तेवढंच रक्षण होईल, ही दुसरी. लोक पहिलीवर पानंच्या पानं लिहितात, खर्च, मुलं, म्हातारे आई-वडील, आणि दुसरीवर एक ओळ. उलटं करा. बोर्डाला दुसरीची काळजी असते आणि असायलाच हवी.

आता ती नोटीस. हे सावकाश वाचा.

क्रम असा: आधी हेल्थ ऑफिसकडून मीटिंगची तारीख घ्या, कारण पत्रात तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावंच लागतं. मग असेसरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या, ऑफिसकडून अबटर्सची, म्हणजे लगतच्या मालकांची, सर्टिफाइड यादी मागा. ही यादी लगेच मिळत नाही, काही दिवस जातात, फीही असते. रस्त्यापलीकडचे धरायचे का, ते हेल्थ ऑफिसला विचारा, अंदाज बांधू नका. पत्र यादीतल्या पत्त्यावर जायला हवं, त्या घरात राहणाऱ्याला नव्हे. शेजारी भाडेकरू असेल आणि मालक फ्लोरिडात असेल तर पत्र फ्लोरिडाला. मागचं जंगल टाउनचं असेल तर टाउनलाही. पत्रात टायटल फाइव्हच्या कुठल्या कलमातून सूट मागताय ते कलमाच्या नंबरासकट हवं, वर सांगितलेल्या दोन कसोट्यांचा उल्लेख हवा, आणि गावाच्या स्वतःच्या नियमातूनही सूट मागत असाल तर तोही लिहून टाका. "सेप्टिकचं काम करतोय, काही शंका असेल तर फोन करा" एवढं लिहिलेलं पत्र ही नोटीस नव्हे.

पोस्टात काउंटरवर जा. प्रत्येक पत्राच्या पांढऱ्या पावतीवर क्लार्ककडून तारखेचा शिक्का मारून घ्या. मागे जोडलेलं हिरवं कार्ड शेजाऱ्याच्या सहीने परत येतं, पण सगळी येतीलच असं नाही, कोणी घरी नसतं, कोणी सही करत नाही, म्हणून शिक्क्याची पांढरी पावती हाच तुमचा भरवशाचा पुरावा. १० दिवस हा किमान आकडा आहे, तीन आठवडे आधी टाका. आणि मीटिंगची तारीख बदलली तर? ऑफिसला विचारा, नवी पत्रं लागली तर परत सगळी पाठवा.

आमचं शेजाऱ्यांशी उत्तम होतं, दिवाळीला फराळाचं ताट जातं, कुंपणापाशी उभं राहून सगळं समजावून सांगितलं होतं, आणि हाताने पत्रंही दिली होती. ते चालत नाही. चालूही नये, असं मला आता मनापासून वाटतं. त्यांच्या नळाला येणारं पाणी माझ्या लीच फील्डपासून काही फुटांवरच्या विहिरीतलं आहे, नायट्रेट आणि जंतू हद्दीची खूण बघून थांबत नाहीत. त्यांना स्वतःचा इंजिनिअर बोलवायला, प्रश्न विचारायला, विरोध करायलासुद्धा पुरेसा वेळ मिळायला हवा. आपली दोस्ती आहे म्हणून त्यांचा तो हक्क कमी होत नाही, उलट दोस्तीत माणूस तोंडावर नाही म्हणू शकत नाही, म्हणून तर कागद हवा. तेव्हा फराळ द्या, बोला, आणि सर्टिफाइड मेलही पाठवा.

इंजिनिअर "नोटिशीचं आम्ही बघतो" म्हणाला तरी शिक्क्याच्या पावत्यांचे फोटो त्याच्याकडून मागून घ्या. अर्ज तुमच्या नावावर असतो, हिअरिंग पुढे गेली तर थांबावं तुम्हाला लागतं. कॉन्ट्रॅक्टरची तारीख गेली की पुढची मिळेपर्यंत कधी जमीन गोठते.

मीटिंगच्या आधी अजेंडा बघा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून ४८ तास आधी तो लावावाच लागतो. तुमचं नाव, पत्ता आणि व्हेरियन्स नीट लिहिलंय ना बघा, चूक असेल तर लगेच फोन. किती सदस्य येणार आहेत तेही विचारून घ्या, तिघांतले दोनच आले तर एकाचा नकार पुरतो.

मीटिंगला इंजिनिअर हवाच. नकाशाच्या जादा प्रती, हिरवी कार्डं, पांढऱ्या पावत्या, असेसरची यादी, सगळं एका फोल्डरमध्ये, पावत्या सगळ्यात वर, कारण बरेचदा पहिला प्रश्नच "अबटर्सना कळवलं का" हा असतो. थोडक्यात बोला. शेजारी विरोधात बोलले तर त्यांना मधेच तोडू नका, उत्तर अध्यक्षांकडे बघून द्या. बोर्डाने अटी घातल्या तर जागेवरच लिहून घ्या.

मंजुरीनंतरचं भराभर सांगते. काही व्हेरियन्स पुढे राज्याच्या पर्यावरण खात्याकडेही जातात, तुमची जाते का विचारा. डीड रिस्ट्रिक्शन ठरलं असेल तर रजिस्ट्रीत नोंदवून नोंदीची प्रत ऑफिसला द्या. मग बांधकामाचं परमिट, लायसन्सवाला इन्स्टॉलर, आणि माती लोटायच्या आधी बोर्डाचं इन्स्पेक्शन. कॉन्ट्रॅक्टर घाईत असला तरी आधी बुजवू देऊ नका, उकरायला लावतात. नंतर अॅज-बिल्ट आणि सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स, म्हणजे काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला. किचनच्या सिंकमध्ये गार्बेज डिस्पोजल बसवू नका, त्यासाठी सिस्टिमच वेगळी डिझाइन करावी लागते, आणि तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. बिल्स जपा, राहत्या घराची फेल झालेली सिस्टिम बदलली असेल तर २०२३पासून राज्याच्या करात खर्चाच्या ६० टक्के, एकूण १८,००० डॉलरपर्यंत क्रेडिट आहे, वर्षाला जास्तीत जास्त ४,०००. त्यासाठी शेड्यूल एससी हा फॉर्म भरायचा आणि सर्टिफिकेट ऑफ कम्प्लायन्स हाताशी ठेवायचं.