पोट कसं तपासावं: हात सगळ्यात शेवटी

पोटात दुखतंय म्हटलं की घरातलं कुणीतरी बेंबी सरकली का ते चाचपतं, कुणी तेल चोळतं, कुणी एरंडेलाची बाटली काढतं. पोटाकडे नीट बघायचं मात्र राहून जातं. डॉक्टर ज्या क्रमाने पोट तपासतात, तो शिकायला अवघड नाही. घरी निदान करायला तो नाही कामाचा. पण रात्री दोन वाजता दवाखाना गाठायचा की सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

तयारी

आधी लघवीला जाऊन येऊ द्या. भरलेलं मूत्राशय ओटीपोटात गोळ्यासारखं हाताला लागतं आणि उगाच घाबरवतं. मग पाठीवर झोपवा, डोक्याखाली पातळ उशी, गुडघे थोडे वाकवलेले, हात अंगालगत. बरगड्यांपासून जांघेपर्यंतचं पोट दिसायला हवं, बाकी अंगावर चादर घाला. जांघ बघायला संकोच होतो आणि नेमका तिथेच अडकलेला हर्निया नजरेतून सुटतो. उलट्या होत असतील आणि पोट फुगलेलं असेल, तर जांघ बघितलीच पाहिजे.

बघणं

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. माणूस पडलाय कसा ते बघा. मुतखड्याची कळ आलेला गडबडा लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. ज्याचं आतडं किंवा अपेंडिक्स फुटलंय तो निपचित पडून राहतो, श्वासही वरवर घेतो. हा दुसरा माणूस जास्त काळजीचा, पण आरडाओरडा करत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

आता त्याला खोकायला सांगा. खोकताना एका ठिकाणी चमक उठली आणि त्याचा हात आपोआप तिथे गेला, तर पोटाच्या आतल्या अस्तराला सूज असल्याची शंका घ्या. बेंबीशी, जांघेत किंवा जुन्या टाक्यांच्या जागी काही फुगून वर येतंय का, तेही खोकतानाच दिसतं. डोळे पिवळे आहेत का, कुशी दोन्हीकडे फुगल्यात का, बेंबीभोवती शिरा तटतटल्यात का, हेही बघून घ्या. या तिन्ही गोष्टी यकृताच्या आजारात दिसतात.

ऐकणं आणि वाजवणं

हात लावला की आतड्यांची हालचाल बदलते, म्हणून स्टेथोस्कोप आधी. निरोगी पोटात मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज येतात. त्यामुळे दहा सेकंद शांतता म्हणजे काहीच नाही, दोन-तीन मिनिटं तरी ऐकावं लागतं. खरं सांगायचं तर नुसत्या आवाजावरून निर्णय घेऊ नये. घरी स्टेथोस्कोप नसेल तर ही पायरी खुशाल सोडा.

बोटाने ठोकून बघण्याची पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये मांडली. वडील खानावळ चालवायचे. पिंपात दारू कुठवर आहे हे ठोकून ओळखायला तो तिथेच शिकला, असं सांगतात. डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर सपाट टेकवा आणि उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने मनगटातून त्यावर ठोका. हवा असेल तिथे पोकळ आवाज येतो, पाणी किंवा भरीव अवयव असेल तिथे बद्द. पोटात पाणी झाल्याची शंका असेल तर बेंबीपासून एका कुशीकडे ठोकत जा. आवाज बद्द झाला तिथे खूण करा, माणसाला विरुद्ध कुशीवर वळवा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा ठोका. बद्द जागा आता पोकळ वाजली तर पाणी खाली सरकलंय. थोडं पाणी असेल तर असं कळत नाही. लिटर-दीड लिटर साचावं लागतं.

हात लावणं

हात चोळून गरम करा. शेजारी खाली बसा, म्हणजे तुमचा हात पोटाच्या पातळीत येईल. कुठे दुखतंय ते विचारा आणि त्या जागेपासून सगळ्यात लांब सुरुवात करा. आधी दुखऱ्या जागी दाबलं की माणूस पोट आवळून धरतो आणि पुढचं काहीच कळत नाही. बोटांची टोकं खुपसू नका, बोटं सपाट ठेवून हलकेच दाबा. नजर पोटावर नको, चेहऱ्यावर हवी. गुदगुल्या होत असतील तर त्याचाच हात पोटावर ठेवून वरून दाबा. लहान मूल आईच्या मांडीवर असतानाच तपासा.

अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली उतरतं. उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत मनात रेघ ओढा. हाडापासून एक तृतीयांशावरचा बिंदू चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन सर्जनने १८८९ मध्ये दाखवून दिला. तिथे नेमकं दुखत असेल, भूक मेली असेल, तर थांबू नका. दाबून झटकन हात सोडण्याची जुनी चाचणी घरी करू नये. खोकला तेच सांगतो आणि कमी छळतो.

उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास मध्येच अडकला तर पित्ताशयाला सूज असू शकते. माणसाने आवळलं नसतानाही सगळं पोट फळीसारखं कडक लागत असेल तर तपासणी तिथेच थांबवा आणि गाडी काढा.

प्लीहा

प्लीहा, म्हणजे पानथरी, डाव्या बरगड्यांखाली लपलेली असते. ती दुप्पट-तिप्पट वाढल्याशिवाय मोठ्या माणसात हाताला लागत नाही. वाढते ती तिरकी, उजव्या ओटीपोटाच्या दिशेने. म्हणून हात उजवीकडे खालून सुरू करून डाव्या बरगडीकडे न्यायचा. बरगडीशीच सुरुवात केली तर खूप वाढलेल्या प्लीहेची कड हाताच्या खालीच राहून जाते. ती मोठी लागली तर जोरात दाबू नका, फाटू शकते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बाळांच्या आईवडिलांनी ही एक गोष्ट डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्यावी. या मुलांच्या प्लीहेत कधी कधी एकाएकी रक्त साठतं, काही तासांत मूल पांढरंफटक आणि मलूल होतं. जमैकात अशा मुलांच्या आयांना प्लीहा चाचपायला शिकवलं आणि या संकटाने होणारे मृत्यू घटले. मूल बरं असताना रोज हात लावून ठेवला, तरच वाढलेली प्लीहा ओळखू येते.

पोटाबाहेरची कारणं

पोट मऊ, तपासणीत काही नाही, पण पन्नाशीचा माणूस घामाघूम होऊन ‘गॅस झालाय’ म्हणत असेल, तर आधी ईसीजी काढा. पाळी चुकलेल्या बाईचं ओटीपोट दुखत असेल तर गर्भधारणेची चाचणी हवीच. गर्भ नळीत असू शकतो. मुलगा लाजून ‘पोट दुखतंय’ म्हणतो तेव्हा कधी कधी अंडकोषाला पीळ पडलेला असतो, आणि तिथे तास मोजावे लागतात.

दुखणं वाढत असेल तर एरंडेल, एनिमा, खाणंपिणं बंद. शंका असेल पण निघण्यासारखं काही दिसत नसेल, तर दोन-तीन तासांनी त्याच माणसाने, त्याच क्रमाने पुन्हा तपासावं. दवाखान्यात जाताना शेवटचं कधी खाल्लं, उलटी कधी झाली, पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या दिल्या, हे कागदावर लिहून न्या.