नातेवही : सांगलीत आशियाई साहित्य-चित्रपटांचे मंडळ कसे चालवावे

सांगलीसारख्या गावात समकालीन आशियाई साहित्य आणि चित्रपट यांसाठी छोटे मंडळ सुरू करायचे असेल, तर पहिली खरेदी पुस्तकाची न करता एका दोनशे पानी वहीची करावी. विश्रामबागेतील आमच्या मंडळात या वहीला ‘नातेवही’ म्हणतात. तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असतात : कोण कोणाला हाक मारतो, मूळ भाषेत कोणत्या शब्दाने मारतो आणि आपल्या घरात त्या जागी कोणता शब्द आला असता. हे साहित्य आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेने येते आणि त्या वाटेवर काका, मामा, मावसा व आत्याचे यजमान एकाच शब्दात कोंबले जातात; चिनी, कोरियन किंवा बंगाली घरांत मात्र या नात्यांना आपल्यासारखेच निरनिराळे शब्द आहेत. वाटेत गळालेले हे परत मिळवणे मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जाते, म्हणून मंडळाने आपला मुख्य उद्योग तोच मानावा, असे माझे मत आहे.

सभासद आठ ते बारा असावेत. एका महिन्यात चित्रपट आणि पुढच्या महिन्यात पुस्तक असा क्रम ठेवला म्हणजे वाचायला पुरेसा वेळ मिळतो, आणि पुस्तक न वाचताच बैठकीला येणाऱ्यांची संख्याही आटोक्यात राहते.

पहिल्या बैठकीसाठी लुलू वांग यांचा ‘द फेअरवेल’ (२०१९) निवडावा. आजीला कर्करोग झाला आहे हे तिच्यापासून लपवण्यासाठी सगळे कुटुंब नातवाच्या लग्नाचे निमित्त काढून चीनमधील चांगचुन शहरात जमते आणि अमेरिकेत वाढलेल्या नातीला हे खोटे बोलणे पेलत नाही, एवढीच गोष्ट. चित्रपटभर आजीला ‘नाय नाय’ म्हटले जाते. सबटायटल वाचणाऱ्याला ते तिचे नाव वाटते. प्रत्यक्षात तो वडिलांच्या आईसाठीचा शब्द आहे आणि आईच्या आईला चिनी भाषेत वेगळा शब्द आहे. हे कळले की निर्णय कोणाच्या हातात आहे, सून कोठवर बोलते आणि कोठे गप्प बसते, हे दिसू लागते. आमच्याकडे पहिला अर्धा तास चित्रपटावर कोणी बोललेच नाही. कोणी कोणाचा रिपोर्ट कपाटात लपवला होता, याच्याच हकिकती निघाल्या. संचालकाने त्या थांबवू नयेत, पण नंतर चर्चा एका दृश्यावर आणून ठेवावी. नातीला तिचे चुलते समजावतात की, पूर्वेकडे माणसाचे आयुष्य एकट्याचे नसते, ते मोठ्या समूहाचा भाग असते. हे सांगणारे चुलते स्वतः जपानमध्ये स्थायिक झालेले आहेत. पूर्वेचा वारसा सांगणाराही घर सोडून गेलेलाच आहे, हे ज्याच्या लक्षात आले त्याला डायस्पोरा (मायभूमी सोडून विखुरलेला समाज) म्हणजे केवळ अमेरिका-इंग्लंड नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर ते मुळीच सांगावे लागू नये. खानापूर-आटपाडी भागातील सोन्या-चांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या देशभर विखुरलेली आहेत. परक्या गावात दुकान, परक्या भाषेत शाळा आणि यात्रेला गावाकडे येणे हे त्यांचे नेहमीचे जगणे आहे. अशा घरातील एक तरी सभासद मंडळात आवर्जून घ्यावा. ली आयझॅक चुंग यांच्या ‘मिनारी’मध्ये (२०२०) अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील माळावर कोरियन भाज्या पिकवू पाहणारा बाप पाण्यापायी हतबल होतो, तेव्हा आटपाडीच्या माणसाला टिपण काढावे लागत नाही.

पुस्तकांची सुरुवात कादंबरीने करू नये. झुंपा लाहिरी यांच्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ च्या पहिल्या संग्रहात नऊ कथा आहेत. त्यांतील डॉक्टरकडे गुजराती रुग्णांसाठी दुभाष्याचे काम करणाऱ्या कापसी यांची शीर्षककथा एका बैठकीला पुरते. त्यानंतर आपल्या शेजारच्या भाषांकडे वळावे. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ इंग्रजी अनुवादाला २०२२ चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर अनेकांनी इंग्रजीतून वाचायला घेतली, याचे मला नवल वाटते. मराठी वाचकाने ती थोडी अडखळत का होईना, पण मूळ हिंदीतूनच वाचावी. बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या बारा कथांच्या संग्रहाला २०२५ मध्ये तेच पारितोषिक मिळाले. अनुवादक दीपा भास्ती यांनी त्यात कन्नड, उर्दू शब्द तिरक्या अक्षरांत किंवा तळटिपा देऊन वेगळे काढलेले नाहीत, तसेच राहू दिले आहेत. जत किंवा मिरज भागातील कन्नड जाणणारा सभासद शेजारी बसला तर या पुस्तकाला दोन बैठकाही अपुऱ्या पडतात.

सबटायटल हा अनुवादच आहे, हे समजावण्यासाठी बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’मधील (२०१९) एक वाक्य घ्यावे. घरमालकीण फोनवरून नोकराणीला ‘छापागुरी’ करायला सांगते. हे दोन स्वस्त तयार नूडल्सच्या पाकिटांचे मिश्रण. त्यावर महागड्या गोमांसाचे तुकडे घालायचे, असाही तिचा हुकूम असतो. इंग्रजी सबटायटलमध्ये याचे ‘रामडॉन’ झाले, म्हणजे रामेन आणि उडॉन या नूडल्सच्या दोन प्रकारांची नावे जोडून बनवलेला शब्द. पदार्थ समजला, पण स्वस्त पाकिटावर घातलेल्या महाग मांसाचा झणका कोरियन प्रेक्षकाला जसा लागला तसा लागला नाही. येथे सभासदांना पाच मिनिटे देऊन मराठी पर्याय लिहायला सांगावे. आमच्याकडे ‘वडापावावर केशर’ हा पर्याय निघाला. अनुवाद म्हणून तो चुकीचा आहे, तरी मुद्दा त्याने बरोबर पकडला.

र्‍युसुके हामागुची यांचा ‘ड्राइव्ह माय कार’ (२०२१) मात्र एका दमात दाखवू नये. तो १७९ मिनिटांचा आहे आणि त्याची श्रेयनामावलीच सुमारे चाळीस मिनिटांनी येते. आम्ही पहिल्या खेपेस तो एका सभागृहात अखंड लावला. पडदा खाली, खुर्च्या सपाट आणि पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरे, त्यामुळे मागच्या दोन रांगा अर्ध्यातून चहाला गेल्या त्या परतल्याच नाहीत. दुसऱ्या खेपेस पडद्याची खालची कड बसलेल्यांच्या डोक्यांवर घेतली, सबटायटल पिवळे केले आणि चित्रपट दोन रविवारांत विभागला. त्यातील नट रशियन नाटककार चेखॉव्हच्या नाटकाचे भावरहित वाचन पुनःपुन्हा करतात, तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या आमच्या एका काकूंनी तालमीतील वाचनाबद्दल जे सांगितले, ते कोणत्याही समीक्षेत मला सापडले नसते. विष्णुदास भाव्यांच्या गावात या चित्रपटाला असा प्रेक्षक मिळणारच.

परवानगीविषयी थोडक्यात : ओटीटीचे वर्गणीखाते घरगुती वापरासाठी असते. सभागृहात, जाहिरात करून दाखवायचे असल्यास हक्कधारकाची परवानगी घ्यावी. नाहीतर प्रत्येकाने घरी पाहून चर्चेला यावे. नोंदवही करणाऱ्याने नावांचा क्रमही तपासावा, कारण कोरियन लेखिका हान कांग यांचे आडनाव ‘हान’ आहे, ‘कांग’ नव्हे.

नातेवहीतील एक रकाना अजून रिकामा आहे. कोरियन स्त्री मोठ्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते आणि वयाने मोठ्या प्रियकराला, कधी नवऱ्यालाही, तोच शब्द वापरते. तिसऱ्या रकान्यात कोणीतरी ‘दादा’ लिहिले होते, ते दुसऱ्या कोणीतरी खोडून ‘अहो’ लिहिले, आणि पुढच्या बैठकीत तेही खोडले गेले. वही घरी नेणाऱ्या सभासदाने तो रकाना पेन्सिलीनेच भरावा, असे आता ठरले आहे.