डेंग्यू-चिकुनगुन्या : घरोघरी डासांच्या अळ्या कशा मोजाव्यात
बार्शीत 1973 साली चिकुनगुन्याची साथ आली, पुढे तो जवळपास विस्मरणात गेला आणि 2005-06 मध्ये परतला. म्हणून रुग्ण नसतानाही मोजणी थांबवू नका.

रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टायर सगळं टॉर्च लावून बघा. झाकण उघडताच अळ्या तळाला पळतात. दोन-तीन मिनिटं थांबा, श्वासासाठी त्या वर येतातच. घाई नेमकी इथेच नडते.

100 घरांत 12 भांड्यांत अळ्या सापडल्या, तर ब्रेटो निर्देशांक (दर 100 घरांमागे अळ्या असलेली भांडी) 12. एका घरातली तीन भांडी इथे तीनच. घर निर्देशांकात (दर 100 घरांत अळ्या सापडलेली घरं) मात्र ते घर एकच.

पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात; काथ्याने आतून घासा.

डेंग्यूच्या निदानासाठी तापाचे पहिले पाच दिवस एनएस-1 एलायझा (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), नंतर आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी चाचणी).