कुत्र्याच्या खाण्यात घरच्या चिकनची भर

बिनहाडाचं चिकन पाण्यात मऊ शिजवा. मीठ, तेल, मसाला काही नको. कांदा-लसूण तर चिमूटभरही नको, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे पडतात, म्हणून चिकन बोटांनी चाचपून, कुस्करूनच घाला. सोबत उकडलेलं गाजर चालेल. ही भर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत हवी आणि तेवढं तयार खाद्य कमी करायचं. चूक बहुधा इथेच होते: वाटी वाढते, मग वजनही. शिवाय नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी, त्यामुळे प्रमाण वाढलं की तोल बिघडतो. पहिले 3-4 दिवस चमचाभरच द्या. शी पातळ झाली तर थांबा. उरलेलं फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त 3 दिवस.