‘शाफ्ट’ कसा पाहावा

गॉर्डन पार्क्स दिग्दर्शित ‘शाफ्ट’ (१९७१) पहिल्यांदा पाहणाऱ्याने कथेच्या मागे धावू नये. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील टोळीचा म्होरक्या बम्पी जोनास याची मुलगी पळवली जाते आणि तिचा माग काढण्यासाठी तो जॉन शाफ्ट या कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेराला कामाला लावतो, एवढे ध्यानात असले की पुरे. बाकीचे सगळे लक्ष रस्त्यांकडे असू द्यावे.

सुरुवातीची काही मिनिटे दोनदा पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद ठेवावा. उंचावरचा कॅमेरा न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील चित्रपटगृहांच्या पाट्यांवरून फिरतो, चामड्याचा लांब कोट घातलेला, शाफ्टची भूमिका करणारा रिचर्ड राउंडट्री भुयारी रेल्वेच्या पायऱ्या चढून वर येतो आणि धावत्या गाड्यांमधून वाट काढत, त्यांची फारशी पर्वा न करता, रस्ता ओलांडतो. पार्क्स मुळात छायाचित्रकार, ‘लाइफ’ नियतकालिकाने नोकरीत घेतलेले पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. गर्दीतला एकच माणूस डोळ्यांत भरावा यासाठी त्याला चौकटीत कुठे उभे करायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दुसऱ्या वेळी आवाज मोठा ठेवावा आणि आधी हाय-हॅटची (ड्रमसंचातील झांजांच्या जोडीची) बारीक, न थांबणारी टिकटिक, मग ‘वाह-वाह’ असा सूर काढणारी गिटार, आणि बऱ्याच उशिरा येणारा गायक-संगीतकार आयझॅक हेज यांचा आवाज, असे एकेक वाद्य वेगळे ऐकावे. या गाण्याला १९७२ साली ऑस्कर मिळाले.

चित्रपटाची निओ-न्वार बाजू, म्हणजे जुन्या काळोख्या गुन्हेपटांच्या शैलीचा नवा अवतार, ओळखण्यासाठी १९४०च्या दशकातला एखादा कृष्णधवल गुप्तहेरपट आधी पाहून ठेवल्यास फार मदत होते. सगळे खरे न सांगणारे गिऱ्हाईक, माहितीसाठी मागे लागलेला पोलीस अधिकारी, दोन टोळ्यांच्या कात्रीत सापडलेला एकटा माणूस, हा सारा ऐवज तिथलाच आहे. मात्र सावल्यांच्या जागी इथे खऱ्याखुऱ्या रस्त्यांवरचा हिवाळी, मळकट उजेड आहे. शाफ्ट टॅक्सीला हात करतो, ती त्याला डावलून पुढच्या गोऱ्या प्रवाशाला घेते. प्रसंग काही क्षणांचा आहे आणि त्यावर भाषण होत नाही, म्हणून तो निसटू देऊ नये.

कृष्णवर्णीय नायक असलेल्या, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी काढलेल्या ‘शाफ्ट’सारख्या धंदेवाईक चित्रपटांना ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ म्हणतात. ही संज्ञा १९७२ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेचे ज्युनिअस ग्रिफिन यांनी वापरात आणली, तीही अशा चित्रपटांमधील कृष्णवर्णीयांच्या चित्रणाचा निषेध म्हणून. तो आक्षेप मनात ठेवूनच पाहावे: मूळ कादंबरीचे लेखक अर्नेस्ट टिडीमन गोरे होते, आणि स्त्रियांच्या वाट्याला इथे जवळजवळ काहीच येत नाही, ही उणीव मला आजही खुपते. शाफ्टचा जुना सोबती बेन ब्यूफर्ड आणि त्याचा लढाऊ गट यांचे प्रसंग मराठी प्रेक्षकाने सावकाश पाहावेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ज्या लढाऊ ब्लॅक पँथर चळवळीचा तो काळ, तिच्यावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले.

शेवटी शाफ्ट त्या पोलीस अधिकाऱ्याला, लेफ्टनंट अँड्रोझीला, फोन करतो, हसतो आणि पायीच निघून जातो. तिथे थांबून लगेच सुरुवातीचा रस्ता पुन्हा लावावा आणि दोन्ही वेळची त्याची चाल शेजारी ठेवून पाहावी.